इंग्रजीचे पुस्तक दिले. इंग्रजीचा आधार कोण देणार?

धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सोलापूर आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांच्या सीमांना भिडलेला परंडा तालुका राज्याच्या शैक्षणिक चर्चेत सहसा येत नाही. भुईकोट किल्ला, सीना नदीवरील कोळेगावचे धरण आणि पाचवीला पुजलेले अवर्षण एवढीच त्याची बाहेरच्या जगाला ओळख. परंतु महाराष्ट्राच्या सार्वजनिक शाळेपुढचा आजचा सर्वांत अवघड प्रश्न पाहावयाचा असेल तर तो पुण्या-मुंबईत पाहण्याऐवजी अशाच तालुक्यातील एखाद्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत पाहावा. तेथे पहिलीत बसलेल्या मुलाच्या हाती इंग्रजीचे पुस्तक आहे. ते पुस्तक वाचणारे घरात कोणी नाही, शेजारात नाही, बाजारपेठेतही नाही. दिवसाकाठी त्याच्या कानावर इंग्रजीचे जे काही शब्द पडतील ते एका तासिकेत पडतील. आणि ती तासिका घेणारे गुरुजी त्याच वेळी दुसऱ्या इयत्तेच्या मुलांना गणित घालून आलेले असतील.

इंग्रजी शिकवावी की न शिकवावी, हा वाद आता संपलेला आहे. जून 2000 पासून महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या या निर्णयावर त्या वेळी तीव्र टीका झाली आणि तितकेच उत्साहाने स्वागतही झाले. पाचवीपर्यंत थांबलेला ग्रामीण मुलगा आणि बालवाडीपासून इंग्रजी ऐकणारा शहरी मुलगा यांतील अंतर कमी व्हावे, हा त्यामागील हेतू वाजवी होता. या निर्णयाला आता पाव शतक लोटले. निर्णयाचे मोजमाप करावयाचे ते हेतूवरून नव्हे, तर वर्गात काय घडले यावरून. ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2022 सालच्या अहवालानुसार पाचवीतील जेमतेम चौथा हिस्सा मुले इंग्रजीतील साधी वाक्ये वाचू शकत होती; 2016 सालीही प्रमाण जवळजवळ तेवढेच होते. याचा अर्थ मुलांना बुद्धी नाही, असा कोणी लावणार नाही. अर्थ इतकाच की, पुस्तक पोहोचले, पण शिकण्याचा आधार पोहोचला नाही.

परंड्याच्या मातीला परक्या भाषेचा अनुभव नवा नाही. 1600 साली अहमदनगर पडल्यानंतर निजामशाहीची राजधानी काही काळ याच किल्ल्यात होती. विजापूरची सुप्रसिद्ध मुलुखमैदान तोफ आदिलशाहीत जाण्यापूर्वी येथेच होती. त्या काळी दरबाराची भाषा फारसी आणि रयतेची भाषा मराठी. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे सरकारपर्यंत जायचे ते दोन्ही भाषा जाणणाऱ्या मध्यस्थामार्फत. आणि मध्यस्थ आला की त्याचा हिस्साही आला. पुढे निजामाच्या हैदराबाद संस्थानात उर्दूचा अंमल आला. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग अन्य दृष्टींनी स्तुत्य होता. त्यासाठी संस्थानाने आधी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले, परिभाषा घडविली, ग्रंथ उर्दूत आणले. भाषेसाठी एवढी यंत्रणा उभारली गेली; परंतु मराठवाड्याच्या खेड्यातून आलेला, घरी मराठी बोलणारा मुलगा त्या उर्दू वर्गात पाऊल टाकतो तेव्हा त्याला कोणता आधार द्यावा, याचे उत्तर संस्थानापाशी नव्हते. काही बुद्धिमान मुले त्यातून तरून गेली. बाकीच्यांची गणती कोणी ठेवली नाही. याच जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेसारखे प्रयत्न त्या काळात उभे राहिले, त्यामागे राष्ट्रभावना होती हे खरे. पण मुलाला समजेल त्या भाषेत शिक्षण मिळाले पाहिजे, ही साधी जाणीवही होती.

1948 साली संस्थान गेले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्र झाला. राज्यकारभाराची भाषा मराठी झाली. तथापि नोकरीच्या, न्यायालयाच्या आणि तंत्रज्ञानाच्या दारावरचा पहारेकरी बदलला, पहारा उठला नाही. आज परंड्याचा तरुण पुण्याच्या कारखान्यात किंवा कार्यालयात मुलाखतीला जातो तेव्हा त्याचे ज्ञान तपासण्याआधी त्याचे इंग्रजी तपासले जाते. हे योग्य की अयोग्य, हा प्रश्न विचारवंतांनी जरूर चर्चावा; पण बापाला आज निर्णय घ्यावयाचा असतो. म्हणून कर्ज काढून तो मुलाला तालुक्याच्या खासगी इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवितो. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरतो आणि मग पट घसरला म्हणून ती शाळा अडचणीत येते. या पालकाला इंग्रजीचे वेड लागले आहे, असे म्हणून त्याची थट्टा करणे सोपे आहे. वास्तविक तो वेडा नाही. मध्यस्थाशिवाय जगता यावे, एवढीच त्याची इच्छा आहे. ती पुरी करणे हे सार्वजनिक शाळेचे काम आहे, आणि सार्वजनिक शाळा ते करत नाही म्हणून तो बाजारात जातो.

परंतु बाजारात जे मिळते ते इंग्रजी शिक्षण असतेच असे नाही. अमेरिकेत स्थलांतरित मुलाला शाळेत इंग्रजी आली नाही तरी मैदानावर, दुकानात, दूरचित्रवाणीवर ती त्याला सतत भेटते. परंड्यात शाळा सुटली की इंग्रजी सुटली. अशा ठिकाणी सगळे विषय इंग्रजीतून शिकविले म्हणजे मूल इंग्रजीत पोहू लागेल, ही कल्पना कोरड्या विहिरीत पोहणे शिकविण्यासारखी आहे. शिक्षकाचीच इंग्रजी पुस्तकी असते. म्हणून तो वाक्य वाचतो, मुले ते घोकतात, आणि विज्ञानही जाते व भाषाही जाते. कॅनडातील भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी 1979 सालापासून जो भेद मांडला तो येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. रोजच्या संभाषणापुरती नवी भाषा मुलाला एकदोन वर्षांत येते. परंतु अभ्यासाची, कारणमीमांसेची भाषा हस्तगत व्हावयास पाच ते सात वर्षे लागतात, आणि तीही चोहीकडे ती भाषा असलेल्या देशात. पहिल्या भाषेत पक्के झालेले आकलन दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा दुसरा भाग. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले होते. ते पचविण्याची शक्ती मुलाला मायबोलीनेच येते, असे या अभ्यासाचे मराठीतील सार सांगता येईल.

जगातील ज्या देशांनी या प्रश्नाचा गंभीरपणे विचार केला त्यांच्या अनुभवातून एक तत्त्व घेण्यासारखे आहे. सॅन फ्रान्सिस्को शहरातील सार्वजनिक शाळांत इंग्रजी न जाणणारी हजारो चिनी मुले होती आणि त्यांतील सुमारे 1,800 मुलांना भाषेचे कोणतेही जादा साहाय्य मिळत नव्हते. त्यांच्या वतीने न्यायालयात दाद मागण्यात आली. सर्वांना तीच इमारत, तेच पुस्तक, तोच शिक्षक दिला आहे, मग अन्याय कोठे, असा शाळांचा बचाव होता. 1974 साली लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ज्या मुलाला वर्गातील भाषाच कळत नाही त्याला इतरांसारखे पुस्तक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे, असा त्या निकालाचा आशय. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बुलक समितीने आपल्या अहवालात शाळेचा उंबरठा ओलांडताना मुलाने घरची भाषा बाहेर ठेवून यावे अशी अपेक्षा करू नये, असे बजावले. आपल्या घटनेत तर 1956 सालीच 350-अ हे कलम घालून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली गेली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मातृभाषा असावे असे म्हटले. तत्त्वात आपण मागे नाही. मागे आहोत ते तत्त्व वर्गापर्यंत नेण्यात.

परंड्याच्या वर्गातील सर्वच मुलांची मातृभाषा मराठी असते, असेही नाही. गावात उर्दू बोलणारी कुटुंबे आहेत. जिल्ह्यात लमाण तांडे आहेत, पारधी वस्त्या आहेत. त्या घरच्या मुलाला शाळेची मराठी हीच पहिली नवी भाषा असते आणि तिच्या पाठोपाठ हिंदी, इंग्रजी येते. त्यातच दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांबरोबर मुले गाव सोडतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकातील कारखान्यांकडे जाते. तेथे शाळा गाठलीच तर फळ्यावर कानडी असते. उन्हाळ्याच्या तोंडाला मूल परत येते तेव्हा वर्ग पुस्तकाच्या शेवटच्या पाठांवर पोहोचलेला असतो. गणितात मागे पडलेले मूल बोटे मोजून काही तरी करील. भाषेत मागे पडलेले मूल गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाची नोंद कोणत्याही हजेरीपटात होत नाही.

शासनाने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने तयार केलेल्या ‘वुई लर्न इंग्लिश’ या श्राव्य कार्यक्रमाने मराठी शाळांतील मुलांच्या कानावर इंग्रजी पाडण्याचा प्रयत्न केला. 2016 नंतर ‘तेजस’ प्रकल्पातून काही जिल्ह्यांतील शिक्षकांचे गट एकत्र येऊन इंग्रजी अध्यापनाची चर्चा करू लागले. 2022 मध्ये पहिलीसाठी मराठी व इंग्रजी अशी द्विभाषिक पुस्तके आली. यांतील प्रत्येक कल्पना चांगली. दोष असा की, येथे प्रकल्प येतो आणि मुदत संपली की जातो. शिक्षकाच्या हाती प्रमाणपत्र राहते, कपाटात संच राहतो, आणि वर्ग पुन्हा पूर्वीच्या वळणावर जातो. भाषा ही तीन वर्षांच्या प्रकल्पाने येणारी गोष्ट नव्हे. तिला दररोजचे, कंटाळवाणे वाटावे इतके नियमित साहाय्य लागते.

सेमी-इंग्रजीचेही तसेच झाले. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकविण्याची सोय मराठी शाळेला टिकून राहण्याचा मार्ग वाटली, म्हणून अनेक शाळांनी ती स्वीकारली. जेथे शिक्षक तयार आहेत तेथे ती उपयोगी ठरते. जेथे नाहीत तेथे ‘न्यूमरेटर’ आणि ‘डिनॉमिनेटर’ हे शब्द पाठ होतात, अपूर्णांक मात्र कळत नाही. शाळेच्या फलकावर ‘सेमी-इंग्लिश’ अशी अक्षरे रंगविण्यास एक दिवस पुरतो. शिक्षक तयार करण्यास वर्षे लागतात.

परीक्षेने या प्रश्नावर नकळत झगझगीत प्रकाश टाकला आहे. 2018-19 या वर्षी दहावीच्या भाषा विषयांतील तोंडी परीक्षेचे 20 गुण काढून घेण्यात आले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर घसरला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. या प्रसंगातून काय शिकावयाचे? जर त्या 20 गुणांत मुलाचे बोलणे खरोखर तपासले जात असेल, तर ते काढणे चूक होते. आणि जर ते निकाल सावरण्यासाठी दिलेले दान असेल, तर ते परत देऊन मुलाला काहीच मिळाले नाही. तोंडी परीक्षा म्हणजे दहा वर्षे बोलण्याची संधी मिळालेल्या मुलाची परीक्षा. संधीच न देता परीक्षा घ्यावयाची आणि मग दयेने गुण द्यावयाचे, हा व्यवहार मुलाचा अपमान करणारा आहे.

2025 सालच्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय झाला, जूनमध्ये तो सुधारण्यात आला आणि जून संपण्यापूर्वी मागे घेण्यात आला. त्या वादात मराठीच्या अस्मितेवर पुष्कळ बोलले गेले, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु भाषांची संख्या दोन असावी की तीन, याची जेवढी चर्चा झाली तिच्या दशांशानेही त्या शिकविणार कोण आणि कशा, याची झाली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षक असतात. म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-दोन, तीन-तीन इयत्ता आणि सगळे विषय. शिवाय मतदारयादी आहे, जनगणना आहे, नाना तऱ्हेचे तक्ते आणि माहित्या भरणे आहे. अशा शिक्षकाला ‘इंग्रजी सुधारा’ असे परिपत्रक धाडणे म्हणजे नांगराला जुंपलेल्या बैलाला शर्यतीत का हरलास म्हणून विचारणे होय.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट ही की, जिल्हा परिषद शाळेतील मुलासाठी इंग्रजी ही जादा भाषा आहे, हे शासनाने स्पष्टपणे मान्य करावे आणि तिचे अध्यापन त्या दृष्टीने आखावे. पहिल्या दोन वर्षांत ती कानाची आणि जिभेची भाषा असावी, पाटीची नसावी. मराठी वाचन पक्के झाल्यावर इंग्रजी अक्षरे यावीत. हे काही पाश्चात्त्य शास्त्र आहे असे नाही. समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामी लिहीत गेले, अशी दासबोधाविषयीची परंपरा आहे; त्या कल्याणस्वामींचा मठ याच तालुक्यातील डोमगावी आहे. ज्या मुलखाला लेखनिकाचा एवढा मोठा वारसा आहे त्याला आधी श्रवण आणि मग लेखन हा क्रम नव्याने शिकविण्याची गरज पडू नये.

दुसरी गोष्ट, प्रत्येक केंद्रशाळेला इंग्रजी अध्यापनात खास तयार झालेला एक साहाय्यक शिक्षक कायमस्वरूपी द्यावा. त्याने आठवड्यातून ठरलेल्या दिवशी केंद्रातील प्रत्येक शाळेत जावे, मुलांना शिकवावे आणि शिक्षकाबरोबर बसून पुढील आठवड्याचे पाठ आखावेत. पाच दिवसांचे प्रशिक्षण शिबिर वर्षातून एकदा घेण्यापेक्षा पाच तासांची सोबत दर महिन्याला मिळणे कितीतरी अधिक मोलाचे आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील साध्या शाळांत जो प्रयोग केला तोही हेच सांगतो. व्याकरणाचे नियम आधी घोकविण्याऐवजी नकाशा पाहा, गाडीचे वेळापत्रक वाचा, कोडे सोडवा अशी कामे मुलांना इंग्रजीतून देण्यात आली आणि काम करता करता भाषा यावी अशी योजना होती. त्यासाठी भाषा-प्रयोगशाळा लागली नाही. वर्गात खडू, फळा आणि विचार करून पाठ आखणारा शिक्षक होता. परंडा आगाराचे एस. टी. चे वेळापत्रक हाही अशा वर्गात उत्तम पाठ होऊ शकेल.

तिसरी गोष्ट, सेमी-इंग्रजीला परवानगी देताना शाळेची मागणी पाहू नये, शिक्षकाची तयारी पाहावी. आणि प्रत्येक संकल्पना आधी मराठीत समजावून मग तिचा इंग्रजी शब्द द्यावा. वर्गात मराठी बोलणे हा दोष नव्हे, ती शिडी आहे. उर्दू, लमाणी, पारधी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हेच तत्त्व एक पायरी मागे नेऊन मराठीलाही लागू करावे. चौथी गोष्ट, ऊसतोड कामगारांच्या मुलांना गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्यापूर्वी सुरू व्हावीत. निघून गेल्यावर मिळणाऱ्या मंजुरीचा उपयोग फक्त कागदाला होतो. परतलेल्या मुलांसाठी उन्हाळ्यात भाषेचे जादा वर्ग हे त्या शाळेच्या कामाचाच भाग मानून त्याचा मोबदला शिक्षकाला मिळावा.

यावर खर्चाची सबब पुढे येईल. धाराशिव हा जिल्हा 2018 साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. ज्याला आपण मागास म्हणतो त्याच्यावर अधिक खर्च करावा, हाच त्या यादीचा अर्थ असला पाहिजे. खेरीज हा खर्च आजही होतोच आहे. फरक इतकाच की तो शासनाच्या तिजोरीतून न होता अल्पभूधारकाच्या खिशातून, खासगी शाळेच्या शुल्काच्या रूपाने होतो. मराठीचे काय होणार, अशी दुसरी शंका आहे. ज्या शाळेत इंग्रजी नीट मिळत नाही ती मराठी शाळा पालक सोडून जातात आणि तिच्याबरोबर मराठीही मागे राहते, हा गेल्या पाव शतकाचा अनुभव आहे. चांगली इंग्रजी शिकविणारी मराठी शाळा हाच मराठी शाळेचा खरा बचाव आहे.

फारसी गेली, उर्दूचा अंमल गेला. प्रत्येक वेळी भाषा जाणणारे थोडे आणि त्यांच्या दारात उभे राहणारे अनेक, हेच चित्र मागे उरले. लोकशाहीतील सार्वजनिक शाळेचे पहिले काम ते चित्र पुसण्याचे आहे. पहिलीच्या मुलाच्या हाती इंग्रजीचे पुस्तक ठेवून शासनाने त्याला एक वचन दिले आहे. ते पुस्तक उघडून त्याच्याशी बोलणारा, त्याची चूक हसण्यावारी न नेणारा आणि त्याच्या मायबोलीतून त्याला पुढे नेणारा शिक्षक जोवर परंड्याच्या शेवटच्या वस्तीवर पोहोचत नाही, तोवर ते वचन पाळले गेले असे म्हणता येणार नाही.